देवाला पुरतं सांगायचं असतं

मी घरी बसून भाषांतरं करते. दवाखान्यांची माहितीपत्रकं, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेले कागद, विम्याच्या अटी. लोक जे वाचत नाहीत ते सगळं मी मराठीत आणते. या कामात कोणी वाहवा करत नाही आणि कोणी नावंही ठेवत नाही, हे माझ्या स्वभावाला बरं पडतं. यंदाच्या उन्हाळ्यात एका रुग्णालयाचं पत्रक आलं. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही अशा रुग्णांची पाठ कशी जपायची, याबद्दल होतं. इंग्रजीत त्यांच्यासाठी एकच शब्द ओळीओळीला वापरलेला होता. मी त्याला मराठी शब्द शोधत होते, आणि पलीकडच्या खोलीतून माझे वडील हाक मारत होते, कारण त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नव्हती.

शिमग्यानंतर बाबांच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय आणि तोंडाची डावी कड. बोलणं वाचलं, थोडं जड झालं, पण वाचलं. मी तेव्हापासून माझा लॅपटॉप आणि दोन बॅगा घेऊन मुलुंडला आई-बाबांकडेच येऊन राहिले. भाऊ मालाडला असतो, तो दर रविवारी येतो.

डॉक्टरांनी आम्हा भावंडांना दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. पाय आता चालण्याएवढा परत येणार नाही. व्यायाम चालू ठेवा, पण चाकाची खुर्ची आणा, त्यांना तिच्यात बसवा, घराबाहेर न्या, माणसांत न्या. छताकडे बघत पडून राहिले तर मन आधी जाईल. आम्ही हे आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, खुर्ची या घरात येणार नाही. एकदा आली की ती परत जात नाही. आणि डॉक्टर काय म्हणाले ते ह्यांच्या कानावर घालायचं नाही.

भावाने मान डोलावली. मीही डोलावली. आमच्या घरात आईचा शब्द असा असतो, की त्यावर बोलायला जावं तर आपणच उर्मट ठरतो.

मग सुरू झाली शब्दांची लपवाछपवी. फोनवर कोणी चौकशी केली की आई सांगायची, पाय धरलाय. पाय आमच्याकडे कोणाचाही धरतो. खूप वेळ मांडी घालून बसलं तरी धरतो, चार पावलं टाकली की सुटतो. शेजारच्या काकू त्यांच्या सुनेला दारात सांगताना मी ऐकलं, अंथरुणाला खिळलेत. त्यात त्यांची काही चूक नव्हती, मराठीत असंच म्हणतात. पण मला त्या शब्दातला खिळा दिसला आणि मी दार जरा जोरात लावलं. मालीशवाले म्हणायचे, आखडलंय, मोकळं होईल. भाऊ रविवारी आला की बाबांचा डावा हात हातात घेऊन म्हणायचा, जरा जाम झालंय ना बाबा, होईल.

यावर बाबा अर्ध्या तोंडाने हसायचे. ते फिटर होते. भांडुपच्या एका कारखान्यात त्यांची सगळी उमर मशिनींच्या पोटात हात घालण्यात गेली. जाम म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हतं. आमच्या लहानपणी घरात काहीही जाम झालं, कडी, नळ, शिलाई मशीनचं चाक, की ते रॉकेलचा बोळा घेऊन बसायचे. घाई नाही, हातोडी नाही. जाम झालेलं सुटतं, असं त्यांचं म्हणणं. त्याला फक्त वेळ आणि तेल द्यायचं.

माझ्या पत्रकाचं घोडं तिकडे अडलेलंच होतं. निश्चल लिहावं तर डोळ्यांसमोर तळ्याचं पाणी येतं, नाहीतर ध्यानाला बसलेला माणूस. अचल म्हटलं की डोंगर. पंगू हा शब्द देवळातल्या स्तोत्रात शोभतो. लुळा हा पूर्वी गल्लीत शिवीसारखा ऐकलेला, तो माझ्या बोटांतून कळफलकावर उतरेना. थिजलेला म्हणावं तर भीतीने थिजतात, नाहीतर थंडीत तूप. जखडणं पाठीचं आणि साखळदंडाचं. रुतणं चिखलातलं. अवघडणं सगळ्यांत सोसवेल असा शब्द, पण अवघडलेला माणूस उठू शकतो. एकेक शब्द उचलून मी मनातल्या मनात बाबांच्या अंगावर धरून बघत होते, कपड्याच्या दुकानात धरतात तसा, आणि एकही बसत नव्हता. खरं तर मला बसवायचाच नव्हता. शेवटी पत्रक पाठवायची वेळ आली तेव्हा मी शब्दाचा नाद सोडला आणि सरळ वाक्य लिहिलं: ज्यांना स्वतःहून हलता येत नाही असे रुग्ण. रुग्णालयाने काही म्हटलं नाही. कागदावर मी हे एवढं सरळ लिहू शकले, घरात नाही.

घरातले दिवस एकसारखे होते. सकाळी पुसणं, पावडर, पाठीखालची उशी. आई एकटी करायची, मला फक्त उचलायला बोलवायची. भाजी आता फोनवरून यायची. पूर्वी तिला बाजारातल्या चार बायकांशी हुज्जत घातल्याशिवाय भेंडी गोड लागत नसे, आता दारात आलेली पिशवी ती उघडूनही बघत नसे. खाली तळमजल्यावर गुरुवारी बायकांचं भजन असतं. आई ते खिडकीतून ऐकायची. मावशीच्या नातवाचं बारसं झालं, तिने माझ्याच हाती झबलं पाठवलं. मी आहे ना घरी, जाऊन ये, असं मी म्हणायचे. ह्यांना एकटं कसं ठेवू, असं ती म्हणायची. मी त्याच खोलीत उभी असायचे, पण तिच्या हिशेबात बाबा एकटेच असायचे.

आता गाऱ्हाण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आम्ही मालवणकडचे. आमच्याकडे काहीही मोठं करायचं असेल, कोणी आजारी असेल, कोणी परगावी निघालं असेल, तर देवापुढे नारळ ठेवून घरातला मोठा पुरुष गाऱ्हाणं घालतो. पूजा वेगळी, हे वेगळं. उभं राहून, डोक्याला रुमाल बांधून, खणखणीत आवाजात देवाला आपली हकीकत सांगायची. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. नुसतं ऐकून चालत नाही. तो होकार आला की मगच पुढचं वाक्य.

बाबा हे काम फार बारकाईने करायचे. त्यांचा एक नियम होता, देवाला पुरतं सांगायचं. अर्धं सांगितलं तर देव अर्धंच करणार, आणि त्यात देवाची चूक नाही. माझ्या पहिल्या मुलाखतीच्या वेळी त्यांनी देवाला घाटकोपरच्या ऑफिसचा पत्ता सांगितला होता, स्टेशनातून बाहेर पडल्यावर कुठल्या हाताला वळायचं इथपर्यंत. भावाच्या बारावीला त्यांनी देवाला सांगितलं, गणित तेवढं तू बघ, बाकीचं तो बघून घेईल. भाऊ लाजेने लाल झाला होता, तरी ‘व्हय म्हाराजा’ त्यालाही म्हणावंच लागलं. आणि काकांच्या घराची गोष्ट तर आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात निघते. काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, घर मिळू दे असं गाऱ्हाणं घातलं. दिंडोशीला घर मिळालं. टेकडीवर, हवेशीर, आणि सुरुवातीला कित्येक दिवस नळाला पाणी नाही. बाबा त्यांना सरळ म्हणाले होते, तू घर मागितलंस, पाण्याचं बोललास का?

श्रावणात एका रविवारी सकाळी तेच काका नारळ घेऊन आले. आईनेच त्यांना बोलावलं होतं. घरातला मोठा पुरुष पलंगावर, म्हणून त्याच्यासाठी गाऱ्हाणं घालायचं काम आता धाकट्याकडे आलं होतं. काका तसे भित्रट नव्हेत, पण त्या दिवशी त्यांचा हात रुमालाच्या गाठीशी फार वेळ रेंगाळला. एक आपल्या घराचं सोडलं तर आयुष्यभर थोरल्याचं गाऱ्हाणं ऐकून मागे होकार देणारा माणूस, त्याला आता थोरल्यासमोरच बोलायचं होतं. आईने त्यांना स्वयंपाकघरात नेऊन हलक्या आवाजात काहीतरी समजावलं. काय, ते मला न ऐकताही कळलं.

देव्हारा स्वयंपाकघरात आहे. बाबांना दिसावं म्हणून आम्ही त्यांच्या खोलीत पाट मांडला. त्यावर तांदूळ, नारळ, पानाचा विडा, बाजूला उदबत्ती. बाबांना दोन उशा लावून टेकवून बसवलं. आई दाराच्या चौकटीशी, भाऊ खिडकीशी, मी पलंगाच्या उशाशी. काकांनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा,” काकांनी सुरुवात केली, आणि आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. त्यांनी गावच्या देवाला हाक दिली, वाडीच्या राखणदाराला दिली, मुलुंडच्या या जागेवाल्या देवालाही दिली. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग ते म्हणाले, तुझ्या लेकराच्या पायाला जरा कळ लागली आहे, ती दूर कर.

आई ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली. भाऊ म्हणाला. माझं तोंड उघडण्याआधीच बाबांचा आवाज आला.

“थांब.”

गाऱ्हाणं मध्ये कोणी थांबवत नाही. मी तरी ते कधी पाहिलेलं नव्हतं. काकांचे हात जोडलेलेच राहिले.

पायाला कळ म्हणजे काय, बाबांनी विचारलं. लचकला असं देव समजेल आणि तेल लावायला सांगेल. पुरतं सांग. काकांनी आईकडे बघितलं. आईने खाली बघितलं. बाबा वाट बघत राहिले, त्यांनी कोणावर आवाज चढवला नाही. काका शेवटी म्हणाले, दादा, माझ्याने व्हायचं नाही.

“मगे नारळ माका दी,” बाबा म्हणाले.

काकांनी पाटावरचा नारळ उचलून त्यांच्या उजव्या हातात दिला. बाबांनी मला डोक्याला रुमाल बांधायला सांगितलं. मी बांधला. भाऊ हळूच म्हणाला, गाऱ्हाणं उभं राहून घालतात ना. त्यावर बाबा म्हणाले, मी का बसलोय ते देवाला ठाऊक आहे, तेच तर सांगायचंय.

“बा देवा म्हाराजा,” त्यांनी म्हटलं. “तुझ्या ह्या लेकराचा डावा अंग गेला. ता जाम झाला न्हय. सीझ झाला. आता ता फिरूचा नाय. ह्या माका म्हायत आसा, आणि ह्या घरातल्या सगळ्यांक म्हायत आसा.”

आणि ते थांबले, होकारासाठी.

सीझ झालं, हे कारखान्यातलं. लोखंड लोखंडाला धरून बसतं, मग तेल नाही, वेळ नाही. इतके दिवस भाऊ जाम म्हणायचा आणि बाबा हसायचे, ते का हसायचे ते मला तेव्हा कळलं. कोणीही न सांगता त्यांनी स्वतःचं मशीन स्वतः तपासून ठेवलं होतं. आम्ही मात्र त्यांना सांभाळतोय म्हणून पाळीपाळीने खोटं बोलत होतो, आणि ते आम्हाला सांभाळून ते ऐकून घेत होते.

होकाराविना गाऱ्हाणं तसंच लटकलं. “बोला,” बाबा म्हणाले. मी म्हटलं, व्हय म्हाराजा. आवाज माझा मलाच परका वाटला. मग काका म्हणाले, मग भाऊ. भावाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. आईचे ओठ मिटलेले होते. बाबांनी तिच्याकडे बघितलं, पण तिच्यासाठी ते तिथे अडून राहिले नाहीत. मला वाटलं, झालं, खरं ते बोलून झालं, आता पाय मागतील, निदान थोडा तरी मागतील. माणूस देवापुढे दुसरं काय करतो.

“माझो पाय माका परत नको, म्हाराजा. ह्या माझा मागणा न्हय,” बाबा म्हणाले. बोलताना त्यांना दम लागत होता, आणि प्रत्येक वाक्याला ते नारळ थोडा वर उचलत होते. “ही माझ्या पोरांची आवस. शिमग्यापासून ती ह्या खोलयेत अडकान पडली हा. तिच्या हातापायाक काय एक झाला नाय, तरी ती उंबऱ्याभायर गेली नाय. माका खुर्चीत बसव, आणि तिका भायर काढ रे म्हाराजा.”

मी आईकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

मी चार महिने एका माणसासाठी शब्द शोधत होते. खोलीत दोघं होती, हे मला दिसलं नव्हतं. पत्रकात लिहिलं होतं, स्वतःहून हलता येत नाही असे रुग्ण. आई रुग्ण नव्हती, ती भाकरी थापत होती, चादरी बदलत होती, दिवसभर हलत होती. पण हलत होती ती पलंगाभोवती, आणि तिचा तो फेरा कधी दाराबाहेर गेला नव्हता. जो पलंगावरून उठू शकत नव्हता त्याने ते बघितलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आईचा राग आला आणि बाबांचा फार, फार अभिमान वाटला. हे सगळं एकदम वाटलं, त्याची मला आजही नीट वाटणी करता येत नाही.

होकार कोणी दिला नाही. काकांनीसुद्धा नाही. त्या वाक्याला पहिला होकार कोणाचा हवा, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं. गाऱ्हाणं अर्धं ठेवता येत नाही. बाबांचा हात नारळाच्या वजनाने थरथरायला लागला होता. मी तो खालून धरायला गेले तर त्यांनी मानेने नको म्हटलं.

आईने पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला. हे ती भांडायला निघताना करते, मला वाटलं आता भांडेल. खुर्ची आली की जात नाही, हे तिच्या तोंडावर आलेलं मला दिसत होतं. ती पलंगाजवळ आली. बाबांच्या हाताखाली तिने आपला हात धरला, तिचा त्यांनी धरू दिला.

“व्हय म्हाराजा,” आई म्हणाली.

मग आम्ही सगळे म्हणालो. काकांनी नारळ बाहेर नेऊन फोडला. चांगला निघाला. आईने खोबऱ्याचा पहिला तुकडा बाबांच्या उजव्या गालात भरवला आणि चहा ठेवायला निघून गेली. ती बराच वेळ आली नाही, आणि आम्हीही कोणी आत गेलो नाही.

खुर्ची पुढच्याच आठवड्यात आली. भावाने आणली, साधी, घडीची. आईने तिला हळदीकुंकू लावलं नाही, पण ती पुसून घेतली. खाली जायच्या दिवशी तिने कपाटातली मोरपंखी साडी काढली. चपलांच्या रॅकमधून तिच्या चपला मी काढल्या तर पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढलेली होती. मी त्या फडक्याने पुसल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या.

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट जुनी आहे. तिच्यात खुर्ची आणि एक माणूस मावतो, आणखी कोणी नाही. भाऊ बाबांना घेऊन उतरला. पुन्हा लिफ्ट येईपर्यंत थांबू, असं मी आईला म्हटलं, तर ती म्हणाली, मी काय म्हातारी झाले का, आणि जिन्याने निघाली. अर्ध्या मजल्यावरच तिला कळलं. इतके दिवस पायऱ्या न उतरलेले तिचे गुडघे वाकेनात. कठडा घट्ट धरून, दोन्ही पाय एका पायरीवर आणून, मग पुढची पायरी, अशी ती उतरायला लागली. मी पुढे होऊन हात दिला, तो तिने घेतला नाही. प्रत्येक वळणावर ती थांबायची, दम खायची, आणि मी बघत नाही असं बघून गुडघा चोळायची.

शेवटच्या वळणावर आलो तेव्हा खाली बाबा दिसले. भावाने खुर्ची जिन्याच्या तोंडाशी आणून उभी केली होती. बाबा मान वर करून आमचीच वाट बघत होते, उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर, डावा मांडीवर ठेवलेला. आई कठड्याला धरून जागच्या जागी उभी राहिली. तिला पुढची पायरी उतरवेना. किती वेळ ती तशीच त्यांच्याकडे बघत होती.

“सावकास ये गो,” बाबा खालून म्हणाले. “मी हयच आसंय.”